लिफ्टच्या कामात जंपर: लावण्याआधी, लावताना आणि काढताना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या चार मजली इमारतीची लिफ्ट आमच्याकडे देखभालीसाठी नव्याने आली. पहिल्याच दिवशी पॅनल, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या वायरिंगची पेटी, उघडून मी सगळ्या टर्मिनलवरून बॅटरी फिरवली. डोअर लॉकच्या दोन टर्मिनलमध्ये, मागच्या बाजूने, टेलिफोनच्या वायरचा बोटभर तुकडा वाकवून खोचलेला होता. त्यावर धूळ इतकी बसलेली की वायरचा मूळ रंग ओळखू येईना. म्हणजे कितीतरी महिने ती लिफ्ट मजल्यांवरची दारं बंद आहेत की उघडी, हे न विचारताच धावत होती. मी खाली उतरून तिसऱ्या मजल्याचं दार ओढून पाहिलं. ते उघडलं. केबिन तळमजल्यावर होती. तिसऱ्या मजल्यावर समोरच्याच घरात पाळणाघर चालायचं.

तो तुकडा कोणी लावला ते मला माहीत नाही, पण लावताना त्याच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकतो. पावसाळा आहे, लॉकमध्ये ओल गेलीय, नवीन कॉन्टॅक्ट आज मिळत नाही, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जिने चढवत नाहीत. उद्या येऊन नीट करू. तो उद्या आला नाही. असा दोन टर्मिनल थेट जोडणारा तुकडा म्हणजे जंपर. जंपर वाईट नाही, कामाचाच आहे. वाईट आहे ते जंपर लावून पाठ फिरवणं. लिफ्टवर काम करणाऱ्या ठाण्या-नवी मुंबईतल्या मुलांसाठी मी हे लिहितोय. जंपरला हात कधी घालायचा, कसा घालायचा आणि तो काढल्याची खात्री कशी करायची, ते सगळं क्रमाने सांगतो.

सेफ्टी सर्किट म्हणजे माळ आहे

जंपर समजायला आधी सेफ्टी सर्किट डोळ्यासमोर यायला हवं. पिटमधला (शाफ्टच्या तळच्या खड्ड्यातला) स्टॉप स्विच, बफर (तळाशी धक्का झेलणारा) स्विच, गव्हर्नरचा (वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचा) स्विच, सेफ्टी गिअरचा (केबिनला रुळांवर घट्ट पकडणाऱ्या ब्रेकचा) स्विच, वरखालचे फायनल लिमिट (शेवटच्या हद्दीचे स्विच), कार टॉपवरचा (केबिनच्या छतावरचा) स्टॉप, केबिनच्या दाराचा कॉन्टॅक्ट (दार बंद झालं की जुळणारी विजेची टोकं) आणि मग प्रत्येक मजल्याच्या दाराचं लॉक, हे सगळे एकामागून एक एकाच सिरीजमध्ये ओवलेले असतात. मण्यांचा क्रम पॅनलप्रमाणे बदलतो. माळेच्या एका टोकाला व्होल्टेज देतात, ते दुसऱ्या टोकाला पोचलं तरच मेन कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा स्विच, ओढला जातो आणि ब्रेक सुटतो. मधला एक मणी तुटला की लिफ्ट जागच्या जागी थांबते. लिफ्ट थांबली म्हणजे बिघडली असं सोसायटीला वाटतं. खरं तर त्या क्षणी ती आपलं काम चोख करत असते.

जंपर लावणं म्हणजे या माळेतला एक मणी वगळून दोरा पुढे जोडणं. आपली मुलं त्याला ‘लॉक शॉर्ट केलं’ किंवा ‘डायरेक्ट केलं’ म्हणतात. शॉर्ट केलेला मणी कोणता आणि त्याच्यावर कोणाचा जीव टांगलेला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय हात पुढे करू नका.

आधी मीटर

बहुतेक फॉल्ट मीटरनेच सापडतात, जंपरची गरजच पडत नाही. तरी मुलं आधी जंपर हातात घेतात, कारण त्यांना मीटर लावायची सवय नसते. ती सवय लावायला एक आठवडा पुरतो.

पॅनलच्या वायरिंगचं ड्रॉइंग उघडा आणि सेफ्टी सर्किटला किती व्होल्टेज आहे ते बघा. पुष्कळ पॅनलमध्ये ११० व्होल्ट एसी असतं, काहींत ४८ किंवा २४ डीसी. अंदाज करू नका. मीटरची काळी पिन सर्किटच्या परतीच्या टर्मिनलवर ठेवा आणि लाल पिन ड्रॉइंगच्या क्रमाने एकेका टर्मिनलवर नेत जा. जिथपर्यंत ११० दिसतं तिथपर्यंत माळ शाबूत आहे. ज्या टर्मिनलवर गायब होतं, त्याच्या आणि त्याच्या आधीच्या टर्मिनलच्या मधला कॉन्टॅक्ट उघडा आहे. हे काम चालू सप्लायवर होतं, म्हणून एका हाताने करा, कोरड्या रबरी मॅटवर उभं राहून करा आणि अंगठी-कडं आधी काढून ठेवा.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, खोटं व्होल्टेज. तीस मजल्यांची ट्रॅव्हलिंग केबल, म्हणजे केबिनबरोबर वरखाली होणारी केबल, असेल तर शेजारच्या चालू तारेमुळे तुटलेल्या तारेतही डिजिटल मीटर ३०-४० व्होल्ट दाखवतो. तेवढ्यावर रिले (विजेने ओढला जाणारा छोटा स्विच) काही ओढत नाही आणि मुलगा रिलेच खराब म्हणून बदलतो. संशय आला की त्याच ठिकाणी योग्य व्होल्टेजचा टेस्ट लॅम्प लावून बघा. खोटं व्होल्टेज भार पडताच कोसळतं. दुसरी फसगत, बंद सप्लायवर ओहम मोजून कॉन्टॅक्ट चांगला ठरवणं. ऐरोली, वाशी, नेरुळ या खाडीच्या कडेच्या भागात कॉन्टॅक्टवर काळपट थर चढतो. तो कधी ओहमवर पास होतो आणि करंट जाताना अडतो. म्हणून सर्किट चालू असताना बंद कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. ते जवळजवळ शून्य हवं. चार-पाच व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्ट साफ करा किंवा बदला.

मजल्यांच्या लॉकपैकी कुठलं तुटतंय ते शोधायला तर जंपर अजिबात लागत नाही. एकाने पॅनलसमोर बसून डोअर लॉकचा एलईडी बघायचा, दुसऱ्याने मजल्यामजल्यावर जाऊन बंद दार बाहेरून हाताने दाबायचं. ज्या दारावर हात पडताच एलईडी लागतो, तोच मजला. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये याला अर्धा तास जातो, हे मान्य. तरीही तोच अर्धा तास घालवा.

कुठे जंपर लावायचाच नाही

कार टॉपचा आणि पिटचा स्टॉप स्विच. हे दोन आपल्याच माणसाच्या हातातले ब्रेक आहेत. ते खराब असतील तर त्या जागी कोणी उतरायचंच नाही, आधी स्विच बदलायचा. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी भरतं आणि तिथला स्विच गंजतो. तेव्हा पाणी उपसून, सप्लाय बंद करून स्विच नवीन घाला.

गव्हर्नर, सेफ्टी गिअर, बफर आणि फायनल लिमिट. यांच्यातला एखादा उघडला असेल तर तो का उघडला ते आधी कळायला हवं. सेफ्टी गिअर बसला असेल तर लिफ्टचा वेग खरंच वाढला होता का, रोप सैल पडली होती का, हे डोळ्यांनी जाऊन बघावं लागतं. त्यातून केबिन हलवण्यासाठी बऱ्याच पॅनलमध्ये कंपनीने इमर्जन्सी इलेक्ट्रिकल ऑपरेशनचा स्विच दिलेला असतो. तो हे ठरावीक स्विच वगळून केबिन हळू वेगाने हलवू देतो. असा स्विच असताना वायर लावण्याचं कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट, केबिनचं दार आणि मजल्याचं दार हे दोन्ही एकाच वेळी कधीच शॉर्ट करायचे नाहीत. युरोपच्या ईएन ८१-२० या लिफ्ट सुरक्षेच्या मानकाने पॅनलमध्येच डोअर बायपास स्विच देणं बंधनकारक केलं, आणि त्या स्विचलाही दोन्ही दारं एकत्र वगळता येत नाहीत. बायपास चालू असताना लिफ्ट फक्त इन्स्पेक्शन (कार टॉपवरच्या बटणांनी हळू चालवायची पद्धत) किंवा इमर्जन्सी इलेक्ट्रिकलवर चालते. केबिन हलते तेव्हा आवाज होतो आणि केबिनखाली दिवा लुकलुकतो. आपलं भारतीय मानक आयएस १७९०० त्याच धाटणीचं आहे. नवीन पॅनलमध्ये हा स्विच असेल तर तोच वापरा. पुढे जे सांगतोय ते तो नसलेल्या जुन्या पॅनलसाठी आहे, आणि अशी पॅनलं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.

माणसं अडकली असतील तेव्हाही जंपर नको. मेन बंद करा, ब्रेक हाताने सोडून केबिन मजल्याला आणा, मगच दार उघडा. आत माणूस घाबरलाय म्हणून बाहेरच्यांची घाई असते, पण दार शॉर्ट करून केबिन पळवली आणि त्याच क्षणी आतला माणूस बाहेर पडू लागला तर काय होईल, हे मी इथे लिहीत नाही.

जंपर कसा असावा

माझ्या थैलीत चारच जंपर असतात. लाल, मऊ तारेची फ्लेक्झिबल वायर, प्रत्येक साधारण सव्वा मीटर लांब, दोन्ही टोकांना पूर्ण रबरी टोपी असलेले क्लिप, आणि मधोमध प्लॅस्टिकचा पिवळा बिल्ला, त्यावर १ ते ४ आकडा. लांबी मुद्दाम एवढी ठेवली आहे. जंपर लावल्यावर त्याचा फास पॅनलच्या बाहेर लोंबला पाहिजे, म्हणजे पॅनलचं दार बंदच होत नाही. आखूड तुकडा पॅनलमध्ये लपतो, आणि लपलेला तुकडा विसरला जातो. नौपाड्यातला तुकडा तसाच लपला होता.

पॅनलमधल्या वायरी बहुधा ज्या रंगाच्या असतात तो रंग जंपरला नको. तुमच्या पॅनलमध्ये लाल वायरिंग असेल तर जांभळा किंवा नारिंगी घ्या. जंपरमध्ये छोटा फ्यूज बसवलेला असेल तर उत्तम, कारण चुकून ११० ची तार २४ व्होल्टच्या कार्डावर गेली की कार्ड जळतं. उघडी तार, सोललेला तुकडा, सिगारेटची चांदी, स्क्रूड्रायव्हर दोन टर्मिनलवर आडवा धरणं, यातलं काहीही करायचं नाही. चालू रिले किंवा कॉन्टॅक्टर बोटाने दाबून लिफ्ट हलवणंही त्यातच आलं. त्यात जंपरइतकाच धोका आहे आणि मागे खूणही राहत नाही.

लावायची पद्धत

समजा वाशीतल्या सात मजली सोसायटीत पाचव्या मजल्याचं लॉक तुटतंय हे तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे शोधलं. लॉकपर्यंत पोचायला केबिन पाचव्याच्या खाली न्यायला हवी, आणि माळ तुटलेली असल्याने ती इन्स्पेक्शनवरही हलत नाही. इथे जंपर लागतो.

दोघं जण हवेत. एकटा असाल तर काम उद्यावर टाका.

पहिल्यांदा केबिन रिकामी असल्याची खात्री करा, केबिनचं दार बंद करा. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन दार हाताने ओढून बघा. सगळी दारं यांत्रिक रीतीने लॉक झालेली हवीत. हे मी ठासून सांगतो, कारण बऱ्याच पॅनलमध्ये सगळ्या मजल्यांची लॉक दोनच टर्मिनलवर आलेली असतात. पाचव्यासाठी तिथे जंपर लावला की तळापासून वरपर्यंत सगळी दारं एकदम आंधळी होतात. म्हणून आडोसा आणि पाटी फक्त पाचव्यावर नको, सगळ्या मजल्यांवर हवी. वॉचमनला तोंडी सांगा, सेक्रेटरींना फोन करा. मशीन रूम नसलेल्या लिफ्टमध्ये पॅनल वरच्या मजल्यावर दाराशेजारीच असतो. तिथे पॅनलसमोरही आडोसा लावा, कारण बाहेर लोंबणाऱ्या लाल वायरला लहान मूल हात घालणारच.

दुसरी पायरी, कार टॉपवरचा माणूस आधी ताबा घेतो. तो मजल्याचं दार चावीने उघडून हात आत घालतो आणि प्रथम स्टॉप दाबतो, मग इन्स्पेक्शनचा स्विच टाकतो, मगच पाय ठेवतो. उभा राहिल्यावर मागचं दार बंद करून घेतो. मोबाइल किंवा वॉकीटॉकीवर सांगतो, “स्टॉप दाबलाय, इन्स्पेक्शनवर आहे.” पॅनलवरचा तेच वाक्य परत म्हणतो. हा क्रम उलटा करू नका. जंपर आधी लागला आणि माणूस नंतर चढायला गेला, तर दार उघडल्यावर लिफ्टने थांबायला हवं तेच होत नाही.

तिसरी पायरी, वीज बंद. आणि इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक नव्या लिफ्टला एआरडी असते, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्याला नेणारं यंत्र. तुम्ही मेन पाडला की एआरडीला वाटतं महावितरणची लाइट गेली, आणि ती ब्रेक सोडून केबिन हलवायला बघते. म्हणून एआरडी आधी बंद करा, मेन नंतर. मेनला कुलूप घाला, किल्ली आपल्या खिशात, कुलपाला आपल्या नावाची चिठ्ठी. ड्राइव्हमधले (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रातले) कपॅसिटर उतरायला, म्हणजे त्यांत साठलेली वीज संपायला, निर्मात्याने सांगितलेली मिनिटं थांबा. मीटर एखाद्या चालू सॉकेटवर तपासा, मग पॅनलमध्ये शून्य मोजा, मग मीटर परत सॉकेटवर तपासा. मधेच मीटरचा सेल गेला असेल तर शून्य खोटं असतं. केबिनच्या दिव्यांचा सप्लाय वेगळा असतो, तो मेन पाडूनही चालू राहतो, हे ध्यानात ठेवा.

आता जंपर. ड्रॉइंगमध्ये बघा, टर्मिनलवरचा नंबर वाचा, जोडीदाराला मोठ्याने सांगा. लावण्याआधी वहीत लिहा: जंपर क्रमांक २, अमुक टर्मिनल ते तमुक टर्मिनल, वेळ, नाव. लिहिल्यावर लावा. फास बाहेर लोंबू द्या. पॅनलचं दार उघडंच ठेवा.

जंपर पॅनलवर लावावा की त्या मजल्याच्या लॉकवर, हा प्रश्न मला मुलं नेहमी विचारतात. लॉकवर लावला तर बाकीची दारं शाबूत राहतात, हा मोठा फायदा आहे. पण शाफ्टमधला जंपर दिसत नाही आणि तोच राहून जातो. म्हणून मी केबिन हलवायला पॅनलवर लावतो, पाचव्याच्या खाली पोचलो की लगेच मेन बंद करून काढतो आणि पुढचं काम सप्लाय बंद ठेवूनच करतो.

हलवताना

मेन चालू करण्याआधी कार टॉपवरच्याला विचारा. स्टॉप तोच उचलेल, बटणं तोच दाबेल. पॅनलवरच्याने कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. तो म्हणेल, “वर जातोय,” तुम्ही म्हणाल, “वर जा,” आणि मग तो जाईल. वर आणि खाली हे दोनच शब्द वापरा, ‘जरा घे’, ‘चल’ असलं काही नको. ईएन मानकाप्रमाणे इन्स्पेक्शनचा वेग सेकंदाला ०.६३ मीटरच्या वर जाता कामा नये, पण तेवढ्या वेगातही काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारं वजन) शेजारून जाताना बाहेर आलेलं कोपर सुटत नाही. दोन्ही पाय आणि हात कार टॉपच्या चौकटीच्या आत.

जंपर लागलेला असताना लिफ्ट नॉर्मलवर टाकायची नाही. ‘फक्त एकदा चालवून बघू, फॉल्ट येतो का’ हे वाक्य तोंडात आलं की थांबा. चालताना मधेच लॉक तुटत असेल तर पॅनलच्या फॉल्ट लॉगमध्ये मजला दिसतो. नसेल दिसत तर कार टॉपवर इन्स्पेक्शनने प्रत्येक मजल्यापाशी थांबून कॅम (लॉक उघडणारी केबिनवरची पट्टी) आणि लॉकच्या रोलरमधलं अंतर बघा. बहुतेक वेळा दार ओघळलेलं असतं किंवा रोलर कॅमला घासतो.

लॉक उघडलंत तर फक्त कॉन्टॅक्ट बदलून परतू नका. लॉकचा आकडा, म्हणजे हूक, आत किती शिरतो ते बघा. कॉन्टॅक्ट लागण्याआधी आकडा निदान ७ मिलिमीटर अडकलेला हवा. पाच मिलिमीटरवरच कॉन्टॅक्ट लागत असेल तर पॅनल समजतं दार लॉक आहे, आणि बाहेरून जोरात ओढलं की ते निसटतं.

काढताना

ज्याने लावला त्यानेच काढायचा. जेवायला जाताना, पाळी बदलताना, सुटा भाग आणायला जाताना, जंपर आधी काढायचा, मग जिना उतरायचा. भाग मिळाला नाही तर लिफ्ट बंद ठेवायची. सेक्रेटरी रागावतील, चौथ्या मजल्यावरच्या मावशी तुम्हाला बोल लावतील. ऐकून घ्या. त्यांना पॅनलसमोर नेऊन लॉक दाखवलंत, तर त्यांच्यातलेच कोणी सामान वर पोचवायला मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

एआरडी बंद, मेन बंद, शून्य मोजा, जंपर काढा, वहीत त्याच ओळीत काढल्याची वेळ लिहा. थैलीत चार मोजा. तीन असतील तर लिफ्ट चालू होणार नाही, चौथा सापडेपर्यंत.

मोजणं पुरेसं नाही, कारण तुमच्या आधी कोणी लावून गेलेला तुकडा तुमच्या चारात नसतो. म्हणून सर्किट स्वतः तपासा. सप्लाय चालू करा, लिफ्ट इन्स्पेक्शनवरच ठेवा. केबिनचं दार उघडून डोअर सर्किटच्या टोकाला मीटर लावा. शून्य यायला हवं. दार बंद करा आणि मग एकेका मजल्याचं दार चावीने बोटभर उघडून तेच मोजा. प्रत्येक मजल्यावर दार उघडताच व्होल्टेज गेलं पाहिजे. एका मजल्यावर जरी राहिलं तरी त्या लॉकमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे, तारेचा असो वा पाण्याचा. जुन्या पॅनलना हे स्वतः ओळखता येत नाही. ईएन ८१-२० प्रमाणे बनवलेली पॅनलं मजल्यावर दार उघडल्यावर सर्किट खरंच तुटतं का ते पाहतात आणि तुटलं नाही तर लिफ्ट नॉर्मलवर चालू देत नाहीत.

यानंतर कार टॉपचा माणूस बाहेर येतो: स्टॉप दाबलेला, दार उघडून बाहेर, मग इन्स्पेक्शन काढून स्टॉप उचलायचा, मग दार बंद. ते दार बंद झाल्याचं हाताने ओढून बघा. एआरडी परत चालू करायला विसरू नका. मग रिकामी लिफ्ट नॉर्मलवर दोन वेळा वरपासून खालपर्यंत, तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः आत बसून, प्रत्येक मजल्यावर थांबत. शेवटी आडोसे काढा.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी थोडं

महाराष्ट्रात लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे, तेव्हाचा मुंबई लिफ्ट कायदा, आणि आता त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. परवाना लिफ्टच्या मालकाच्या, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या नावाने असतो, म्हणून देखभाल कोण आणि कशी करतं हे विचारणं तुमचंच काम आहे. टेक्निशियन काम संपवून निघाला की त्याच्या वहीतली शेवटची ओळ बघायला मागा. लावल्याची वेळ आहे आणि काढल्याची जागा रिकामी आहे, तर त्याला जिन्यावरून परत बोलवा. आणि महिन्यातून एकदा, केबिन दुसऱ्या मजल्यावर असताना, वॉचमनला बाकीच्या मजल्यांची बंद दारं बाहेरून हलक्या हाताने ओढून बघायला सांगा. मात्र दाराला टेकून उभं राहायचं नाही. एक पाय मागे ठेवून, एका हाताने ओढायचं. उघडलं तर तिथेच उभं राहून दुसऱ्याला फोन करायला लावायचा, कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, आणि लिफ्टचा मेन पाडायचा.